सारखे दिसते ते सारखे नसते : अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी

दिव्य कुरआनात मानवाच्या निर्मितीचा वृत्तान्त येतो तेव्हा आदम (अलै.) यांना मिळालेल्या पहिल्या शिक्षणाचा उल्लेख येतो. ते शिक्षण नावांचे होते. अल्लाहने त्यांना वस्तूंची नावे शिकविली, आणि जी गोष्ट फरिश्त्यांना सांगता आली नाही ती आदमनी सांगितली. भाष्यकारांनी या प्रसंगावर पुष्कळ लिहिले आहे. त्यातून आपल्यासाठी एक बोध असा निघतो की वस्तूला योग्य नाव देण्यासाठी ती इतर वस्तूंपासून वेगळी ओळखावी लागते. ज्याला वेगळेपण कळत नाही, त्याच्या तोंडी नाव केवळ आवाज उरते.

या अंकात आपण ज्यांचा परिचय करून घेणार आहोत, त्यांचे नाव घेतानाच ही सावधगिरी बाळगावी लागते. इराणमधील रय या प्राचीन शहरात जन्मलेल्या माणसाला अरबीत 'राझी' म्हणतात. हे शहर आजच्या तेहरानला लागूनच होते. त्यामुळे इतिहासात राझी अनेक झाले. कुरआनचे विख्यात भाष्यकार फखरुद्दीन राझी वेगळे. हदीसच्या निवेदकांची पारख करणारे अबू हातिम राझी वेगळे, आणि त्याच नावाचे इस्माईली पंथाचे प्रचारक अबू हातिम राझी त्यांच्याहूनही वेगळे. आपले राझी म्हणजे अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी, वैद्य आणि किमियागार. युरोपने त्यांना 'रेझिस' या नावाने ओळखले. मदरशात हदीसशास्त्र शिकताना सारख्या नावांचे निवेदक वेगळे ओळखण्याचा स्वतंत्र अभ्यास असतो, कारण एका नावाच्या गोंधळाने खरी हदीस खोटी आणि खोटी खरी ठरू शकते. हीच शिस्त राझींनी रोगांना आणि पदार्थांना लावली. त्यांच्या आयुष्याचे सार या एका वाक्यात सांगता येते.

रय ते बगदाद

अल-बिरूनी यांनी दिलेल्या नोंदीनुसार राझींचा जन्म हि. २५१ च्या शाबान महिन्यात, म्हणजे इ.स. ८६५ मध्ये झाला. तारुण्यात ते ऊद हे तंतुवाद्य वाजवीत, असे चरित्रकार सांगतात. वैद्यकाकडे ते तुलनेने उशिरा वळले. त्याआधी त्यांचा ओढा किमियाकडे होता. भट्टीचा धूर आणि तीव्र वाफा यांनी त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि त्या दुखण्याने त्यांना वैद्यकाच्या दारी आणले, असा वृत्तान्त अल-बिरूनींनी दिला आहे. पुढे ते रयच्या आणि नंतर बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले.

त्यांच्या बैठकीचे वर्णन इब्न नदीम यांच्या 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात आले आहे. समोर शिष्यांची रांग, तिच्यामागे त्या शिष्यांच्या शिष्यांची रांग आणि तिच्याही मागे आणखी एक रांग असे. रुग्ण आला की प्रथम सर्वांत बाहेरच्या रांगेला आपली व्यथा सांगे. त्यांना उलगडा झाला नाही तर प्रकरण आतल्या रांगेकडे जाई आणि कोणालाच उमगले नाही तर राझी स्वतः बोलत. ते गरिबांविषयी अत्यंत कनवाळू होते आणि त्यांची शुश्रूषा करीत, असेही इब्न नदीम नोंदवितात.

त्या काळी ताप आणि अंगभर पुरळ ही लक्षणे घेऊन मुले रुग्णालयात येत. एकाला देवी आलेल्या असत, दुसऱ्याला गोवर. सुरुवातीच्या दिवसांत दोन्ही सारखेच दिसत. राझींनी या दोन रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वैद्याने फरक कसा ओळखावा ते सांगितले. पाठदुखी देवीत अधिक असते. अस्वस्थता आणि मळमळ गोवरात अधिक असते. विषाणू म्हणजे काय हे त्या युगात कोणालाच ठाऊक नव्हते. राझी दोन्ही रोगांचे मूळ रक्ताच्या उकळण्यात शोधीत होते आणि ते कारण चुकीचे होते. तरीही त्यांनी दाखविलेला फरक उपयोगी पडला, कारण तो रुग्णाच्या खाटेशी बसून पाहिलेला होता. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये आणि युरोपातील इतर भाषांत गेला व शतकानुशतके वाचला गेला.

पडद्याआडची नावे

आता त्यांच्या भट्टीकडे वळू या. किमियाच्या जुन्या ग्रंथांत पदार्थांची नावे मुद्दाम झाकून ठेवण्याची रीत होती. सोने म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र, पारा म्हणजे पळपुटा, नवसागर म्हणजे गरुड. ज्याला गुरूकडून किल्ली मिळाली त्यालाच ग्रंथ उघडे, इतरांना ती केवळ कोडी वाटत. अशा वातावरणात राझींनी 'किताबुल असरार', म्हणजे रहस्यांचा ग्रंथ लिहिला. नाव रहस्यांचे असले तरी आत बहुतांशी रोखठोक माहिती आहे. ग्रंथाचे तीन भाग आहेत : पदार्थ, उपकरणे आणि कृती. कोणती भट्टी, कोणती मूस, ऊर्ध्वपातनासाठी 'करअ' आणि 'अंबीक' ही भांडी कशी जोडावीत, किती वेळ तापवावे, हे सारे एखाद्या कारागिराने शिष्याला सांगावे तसे लिहिले आहे. ज्ञान लपविणाऱ्याला हदीसमध्ये किती कठोर इशारा दिला आहे हे आपण जाणता. ते ध्यानी ठेवले तर या साधेपणाचे मोल कळते.

राझींनी सृष्टीतील पदार्थांचे खनिज, वनस्पतिजन्य आणि प्राणिज असे गट केले. त्यांत खनिजांची विभागणी फार महत्त्वाची आहे. पहिला गट 'अर्वाह' म्हणजे आत्म्यांचा. तापविले की जे उडून जातात ते हे चार : पारा, गंधक, जरनीख आणि नौशादर. जरनीखमध्ये आपला पिवळा हरताळ आणि तांबडा मनशीळ हे दोन्ही येतात. नौशादर म्हणजे आपला नवसागर. दुसरा गट 'अज्साद' म्हणजे देहांचा. तापविल्यावर जे वितळतात पण उडून जात नाहीत ते हे सात धातू : सोने, चांदी, तांबे, लोखंड, कथील, शिसे आणि 'खारसीनी' नावाचा एक धातू. त्यानंतर तेरा दगड. मग 'जाज' म्हणजे हिराकस, मोरचूद यांच्या वर्गातील पदार्थ. मग टाकणखार, नतरून इत्यादी 'बौरक'. आणि शेवटी अकरा क्षार. या क्षारांत रोजचे मीठ आहे, वनस्पतींच्या राखेतून निघणारा 'कली' आहे आणि 'हिंदी मीठ' या नावाने आपल्या उपखंडाचीही नोंद आहे.

वाचकहो, या विभागणीत रंगाला, किमतीला किंवा ग्रहताऱ्यांना स्थान नाही. आगीत टाकल्यावर पदार्थ काय करतो, एवढाच प्रश्न मुख्यत्वे विचारला आहे. इथे हजार वर्षे पुढे जाऊन शाळेतील रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले, तर राझींच्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

आगीने विचारलेला प्रश्न

मीठ आणि गंधक घ्या. मीठ वितळण्यासाठी सुमारे ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. गंधक सुमारे ११५ अंशांवरच पातळ होते आणि ४४५ अंशांच्या आसपास त्याची वाफ होते. एवढा फरक का? त्याचे उत्तर अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात यात आहे.

मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीनचा अणू तो घेतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित होतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात आणि त्यांच्यातील आकर्षणाला आयनिक बंध म्हणतात. मिठाच्या खड्यात अशा असंख्य आयनांची रचना सर्व बाजूंनी एकमेकांना ओढून धरते, म्हणून तिला मोडायला प्रखर आग लागते. पाण्यात मात्र हे आयन सुटे होतात आणि त्या पाण्यातून वीज वाहते.

गंधकात देणारा किंवा घेणारा कोणी नसतो. शेजारचे दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध. गंधकाचे आठ अणू असे जोडले जाऊन एक कडे तयार होते आणि ते कडे म्हणजे गंधकाचा रेणू. कड्यातील बंध मजबूत असतो, पण एका कड्याचे दुसऱ्या कड्याशी नाते सैल असते. म्हणून थोड्या उष्णतेने रेणू एकमेकांपासून सुटतात. इलेक्ट्रॉनच्या जोडीची ही कल्पना अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. राझींना इलेक्ट्रॉन ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु गंधक आणि मीठ एका पंक्तीत बसत नाहीत, हे त्यांच्या भट्टीने त्यांना बरोबर सांगितले होते.

भट्टीची साक्ष कुठे अपुरी पडते, हे पाहण्यासाठी नवसागर घेऊ. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर आपण पाहिला असेल. भांडे तापवून तो त्यावर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथील भांड्याच्या पृष्ठभागावर चकचकीत पसरते. कल्हई हा शब्दही मूळचा अरबी आहे. अरबी ग्रंथांत कथलाला 'रसास कलई' म्हणतात. राझींनी नवसागर उडताना पाहिला आणि त्याला पारा व गंधक यांच्या शेजारी बसविले. आज आपल्याला ठाऊक आहे की नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड आणि तो आयनिक क्षार आहे. मग तो मिठासारखा स्थिर का राहत नाही? कारण सुमारे ३३८ अंशांवर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हे दोन्ही सहसंयुज आहेत, म्हणून सहज उडतात. वर गार जागा मिळताच ते पुन्हा एकत्र येऊन नवसागर होतात. कल्हईवाल्याच्या भांड्यावरील काळसर थर काढण्याचे काम या हायड्रोजन क्लोराइडचेच असते. राझींनी जे पाहिले ते खरे होते. त्यामागची घडामोड त्यांच्या दृष्टीपलीकडची होती.

नाव सत्याला अनुसरते

पदार्थ कसा जोडलेला आहे हे कळल्यावर त्याचे नावही त्यावरूनच ठरू लागले. आपल्या मुलांना हे नियम पाठ करावे लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

आयनिक संयुगात धन आयनाचे नाव आधी आणि ऋण आयनाचे नंतर येते. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर त्याला 'आइड' प्रत्यय लागतो : सोडियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड. कॅल्शियमच्या एका आयनामागे क्लोरीनचे दोन आयन असतात, पण नावात 'दोन' म्हणण्याची गरज नसते, कारण कॅल्शियमचा भार ठरलेला आहे. लोखंडाचे तसे नाही. त्याचा भार कधी दोन असतो, कधी तीन. म्हणून तिथे भाराचा आकडा कंसात सांगावा लागतो. आपला हिराकस म्हणजे आयर्न-दोन सल्फेट आणि मोरचूद म्हणजे कॉपर-दोन सल्फेट. यातील सल्फेट हा स्वतः गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार अणू यांचा सहसंयुज बंधांनी जोडलेला समूह आहे. तो समूह एकत्रितपणे आयन म्हणून वागतो. राझींच्या 'जाज' वर्गातील पदार्थांत असे दोन्ही बंध एकत्र नांदत होते.

सहसंयुज संयुगात भार नसतो, म्हणून अणूंची संख्याच नावात मोजून सांगावी लागते. राझींच्या जरनीखची दोन रूपे पाहा. हरताळात आर्सेनिकचे दोन आणि गंधकाचे तीन या प्रमाणात अणू असतात, म्हणून त्याचे नाव डायआर्सेनिक ट्रायसल्फाइड. मनशिळात चार आणि चार, म्हणून टेट्राआर्सेनिक टेट्रासल्फाइड. मोजण्यात चूक झाली तर काय होते याचे उदाहरण घराघरांत आहे. कार्बन डायऑक्साइड आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर सोडतो. त्यातून ऑक्सिजनचा एक अणू कमी झाला की तो कार्बन मोनॉक्साइड होतो आणि बंद खोलीत पेटत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीतून निघून झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. 'डाय' आणि 'मोनो' यांत एका जिवाचे अंतर आहे.

या नव्या नामावलीत जुने अरबी शब्दही टिकून आहेत. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली पोटॅशियम आणि सोडियम हे धातू वेगळे केले. पोटॅशियमचे लॅटिन नाव 'कॅलियम' हे अरबी 'कली' वरून आणि सोडियमचे 'नॅट्रियम' हे 'नतरून' शी नाते सांगणारे आहे. आजही ज्यांची चिन्हे इंग्रजी नावाशी जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी बुचकळ्यात पडतात, ती या नावांवरून आली आहेत. राझींच्या यादीतील दोन शब्द अशा रीतीने जगातील प्रत्येक शाळेच्या भिंतीवर टांगलेले आहेत.

नाव वस्तूच्या वास्तवाला अनुसरते, हे तत्त्व आपल्या फिक्हशास्त्रालाही अपरिचित नाही. मद्याचे आपोआप शिर्क्यात रूपांतर झाले तर त्याचा हुकूम बदलतो, यावर विद्वानांचे एकमत आहे. मिठाच्या खाणीत पडून पूर्णपणे मीठ बनलेल्या प्राण्याच्या प्रश्नावर मतभेद झाले, इमाम मुहम्मद (रह.) यांनी ते मीठ शुद्ध मानले, इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत वेगळे होते. चर्चेचा मुद्दा एकच होता : वस्तू खरोखर बदलली आहे, की केवळ तिचे रूप बदलले आहे? पाण्याशी भडका घेणारा सोडियम आणि विषारी क्लोरीन वायू यांपासून आपल्या जेवणातील मीठ बनते, हे समजल्यावर या प्रश्नाची खोली ध्यानात येते.

माणसावरचे नाव

आता राझींच्या चरित्रातील अवघड भागाकडे येऊ. त्यांच्या अकीद्याविषयी मुस्लिम विद्वानांनी कठोर आक्षेप घेतले आहेत. निर्माता, आत्मा, द्रव्य, काळ आणि अवकाश अशी पाच अनादी तत्त्वे ते मानीत, हे मत तौहीदच्या शिकवणीत बसत नाही आणि उम्मतने ते नाकारले. प्रेषितत्वाविषयीही आक्षेपार्ह विधाने त्यांच्या नावावर आहेत. ती आपल्यापर्यंत मुख्यत्वे त्यांचे प्रतिस्पर्धी अबू हातिम राझी, म्हणजे वर उल्लेखिलेले इस्माईली प्रचारक, यांच्या खंडनग्रंथातून पोहोचली आहेत. त्यामुळे त्यांचे शब्द किती आणि विरोधकाची मांडणी किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. किमियाबाबतही ते निर्दोष नव्हते. हलक्या धातूचे सोने होऊ शकते असे ते मानीत आणि ते नाकारणाऱ्या अल-किंदींचे खंडन त्यांनी लिहिले होते. इथे अल-किंदी बरोबर होते.

मग अशा माणसाचे आपण काय करावे? काही लेखक अभिमानाच्या भरात त्यांचे आक्षेपार्ह विचार गाळून टाकतात. काहींना त्यांचे नावच नकोसे वाटते. अल-बिरूनींनी तिसरा मार्ग धरला. राझींच्या धर्मविषयक मतांविषयी आपली नापसंती त्यांनी लपविली नाही आणि तरीही त्यांच्या १८४ ग्रंथांची काळजीपूर्वक यादी केली. जे चूक ते चूक म्हटले आणि जे उपयोगी ते मोजून जपले. राझींनी पदार्थांना जो न्याय लावला तोच न्याय अल-बिरूनींनी राझींना दिला. आपल्या अंतःकरणातील नावेही अशीच पारखलेली असावीत. कोणाला एका वाक्यावरून वली म्हणणे आणि एका चुकीवरून त्याचे सारे काम पुसून टाकणे, दोन्ही न पाहता लावलेली नावे आहेत.

शेवटचे दिवस

आपल्या जीवनपद्धतीचे समर्थन करताना राझींनी लिहून ठेवले आहे की एका मोठ्या ग्रंथासाठी ते पंधरा वर्षे रात्रंदिवस खपले आणि त्या श्रमाने त्यांची दृष्टी व हाताचे स्नायू दुबळे झाले. तरीही दुसऱ्याकडून वाचवून आणि लिहवून घेण्याचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या टिपणांतून 'अल-हावी' हा प्रचंड वैद्यकग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर संकलित झाला आणि १२७९ मध्ये तो लॅटिनमध्ये उतरला.

अखेरीस ते अंध झाले. एक वैद्य शस्त्रक्रिया करण्यासाठी आला तेव्हा राझींनी त्याला डोळ्याचे पडदे किती, असे विचारले, अशी कथा चरित्रकार सांगतात. त्याला सांगता आले नाही. ज्याला डोळ्याचे भाग ठाऊक नाहीत त्याचे शस्त्र आपल्या डोळ्याला लागू नये, असे म्हणून त्यांनी उपचार नाकारला. हि. ३१३ च्या शाबान महिन्यात, इ.स. ९२५ मध्ये, रय येथेच त्यांचे निधन झाले.

वाचकहो, आपली मुले रसायनशास्त्राचे पुस्तक घेऊन बसतील आणि या नावांना कंटाळतील, तेव्हा त्यांना सांगा की ही नावे पाठांतराच्या ओझ्यासाठी जन्मली नाहीत. कोणीतरी आगीसमोर बसून, डोळे गमावून, एक वस्तू दुसरीपासून वेगळी ओळखली, तेव्हा ती मिळाली. अल्लाह आपल्याला वस्तू, माणसे आणि मते यांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखण्याची आणि पारख केल्यावाचून कोणावर नाव न लावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.